फॅमिली ग्रुप: फाल्कन्स फ्लाइट आणि आजोबांची शंका

ताई: फाल्कन्स फ्लाइट या नव्या रोलर कोस्टरचा व्हिडिओ पाहिला का सगळ्यांनी? सौदीतल्या किद्दियाचा. १९५ मीटर उंच, ताशी २५० किमी, रूळ सव्वाचार किलोमीटर! ३१ डिसेंबर २०२५ ला पार्क उघडलं. मला जायचंच आहे.

आई: मला नुसतं बघूनच पोटात गोळा आला.

दादा: ‘किंगडा का’ नावाचा रोलर कोस्टर आठवतो ना? न्यू जर्सीतला, १३९ मीटरचा. २००५ पासून सगळ्यात उंच तोच होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये सुरुंग लावून पाडला. फार वाईट वाटलं होतं मला.

मामा: मलाही. पण त्याचं तंत्र बघ. हायड्रॉलिक मोटरी ड्रम फिरवायच्या, ड्रमवर केबल गुंडाळली जायची आणि ती गाडीला खेचायची. साडेतीन सेकंदांत ताशी २०६ किमी! त्या केबलवर केवढा ताण येत असेल. कधी जोर कमी पडला तर गाडी माथ्यापर्यंत पोचायची नाही, उलटी खाली यायची.

आई: अरे देवा!

मामा: त्याचीही सोय होती. रुळावरच्या ब्रेकच्या पट्ट्या वर यायच्या, त्या तिला थांबवायच्या. आता नव्या राइडमध्ये केबलच नाही. रुळावर विद्युतचुंबकांची रांग, गाडीला कायमचे चुंबक. रांगेला क्रमाने वीज मिळते आणि गाडी पुढे ओढली जाते. मोठा फायदा म्हणजे जोर सुरुवातीला एकदाच लावावा लागत नाही, वाटेत हवा तिथे पुन्हा देता येतो. म्हणून तर एवढा लांब रूळ जमला.

मावशी: आणि उंचीच कशाला हवी? जर्मनीत युरोपा-पार्कचा व्होल्ट्रॉन बघा, २०२४ चा. उंची बत्तीसेक मीटर, पण एका ठिकाणी चढ १०५ अंशांचा आहे, म्हणजे उभ्या भिंतीच्याही पलीकडे झुकलेला. तिथे चुंबकच गाडीला वर ढकलतात. मला तो जास्त आवडला, कल्पना सुरेख आहे.

आजोबा: वीज गेली तर?

मामा: बाबा, शंका रास्त आहे. ढकलायला वीज लागते, थांबवायला नाही. ब्रेकमध्ये कायमचे चुंबक असतात. त्यांच्यामधून धातूची पट्टी वेगात गेली की पट्टीत भोवरे प्रवाह, म्हणजे गोल गोल फिरणारे विजेचे प्रवाह, तयार होतात आणि तेच गतीला अडवतात. काही घासत नाही, झिजत नाही. फक्त गाडी पुरती थांबत नाही त्यांनी. वेग उतरला की अडवणूकही उतरते, म्हणून शेवटी साधे घर्षणाचे ब्रेक लागतात.

ताई: ऐकलंत ना आजोबा? आता मला जाऊ द्याल ना?

आजोबा: थांब जरा. ती पट्टी कसली? लोखंडाची?

मामा: नाही, तांब्याची किंवा ॲल्युमिनियमची. लोखंड चुंबकाला चिकटेल.

आजोबा: हां. आता पटलं.