बडोद्यात राहून पहिल्या ट्रायथलॉनच्या ओपन वॉटर पोहण्याची तयारी कशी करावी?

नमस्कार.

येत्या हिवाळ्यात आयुष्यातील पहिली ट्रायथलॉन पूर्ण करावी असे मी ठरवले आहे आणि त्यासाठी मला अनुभवी मंडळींचे मार्गदर्शन हवे आहे. स्पर्धा ‘स्प्रिंट’ अंतराची आहे, म्हणजे ७५० मीटर पोहणे, २० किलोमीटर सायकल आणि ५ किलोमीटर धावणे, तेही सलग, मधल्या कपडे-बूट बदलण्याच्या वेळेतही घड्याळ चालूच. ऑलिंपिकमधील अंतर याच्या बरोबर दुप्पट असते. इतक्या पुढचा विचार मी आज करत नाही; हे पहिले अंतर सुरक्षितपणे पूर्ण व्हावे एवढेच मनात आहे.

माझे वय ४४ असून मी बँकेत नोकरी करते आणि दांडिया बाजारात राहते. आमच्या घरात व्यायामाचे वळण जुने आहे. आजोबा जुम्मादादा व्यायाममंदिरात प्रो. माणिकरावांच्या हाताखाली शिकलेले होते आणि त्यांच्या आग्रहामुळेच आम्हा बहिणींना लहानपणी पोहायला घातले गेले. मात्र तेव्हा शिकलेले पोहणे बेडूक पद्धतीचे. फ्रीस्टाइल मी अलीकडे लालबागच्या तरणतलावावर महिलांच्या बॅचमध्ये शिकले. सकाळी कमाटीबागेत ५ किलोमीटर न थांबता धावता येते. सायकल साधी हायब्रीड (रोड सायकल आणि माउंटन बाइक यांच्या मधली) आहे आणि रविवारी पहाटे आजवा रोडने जाऊन येण्याचा परिपाठ आहे. डॉक्टरांकडून हृदयाची तपासणी करून घेतली आहे व त्यांनी परवानगी दिली आहे.

माझी खरी अडचण पाण्याची आहे. स्पर्धेतील पोहणे ‘ओपन वॉटर’, म्हणजे उघड्या समुद्रात आहे आणि बडोद्याच्या आसपास तसा सराव करण्याजोगे पाणी मला सापडत नाही. इथल्या मंडळींना कारण सांगायला नको, पण इतरांसाठी लिहिते. विश्वामित्री नदी शहराच्या मधोमध वाहते आणि तिच्यात मगरी आहेत. पावसाळ्यात पूर आला की त्या थेट सोसायट्यांच्या आवारात येतात. २०२४ च्या ऑगस्टमधील पुरात तर हे सर्वांनीच पाहिले. सयाजीराव महाराजांच्या काळात बांधलेले आजवा सरोवर एरवी मोठे मोहात पाडणारे आहे, परंतु मगरी तिथेही आहेत. मही आणि नर्मदा यांच्या पात्रांविषयीही तीच भीती. खंभातच्या आखातातील समुद्र अंतराने जवळचा असला तरी तिथे भरती-ओहोटीचा फरक प्रचंड असतो, पाणी गढूळ असते आणि ओढ इतकी जोराची असते की नवशिक्याने तिथे उतरण्याचा विचारही करू नये. ‘थोडेसे धाडस करा’ असा सल्ला कृपया कोणी देऊ नये. या स्पर्धांमध्ये जिवावर बेतणारे प्रसंग इतर दोन टप्प्यांपेक्षा पोहण्याच्या टप्प्यातच जास्त घडतात, आणि अशा बाबतीत धाडसापेक्षा व्यवस्था महत्त्वाची असे माझे ठाम मत आहे.

तेव्हा जो काही सराव करायचा, तो तरणतलावातच. आमच्या पोहण्याच्या सरांनी आणि मी मिळून काही गोष्टी सुरू केल्या आहेत, त्या पुरेशा आहेत का, हे मला जाणून घ्यायचे आहे. तरणतलावात प्रत्येक फेरीअखेर भिंत मिळते. तिला पाय लावून पुढे झेपावले की काही मीटर फुकट मिळतात आणि श्वासही सावरतो. २५ मीटरच्या तलावात ७५० मीटर म्हणजे तीस फेऱ्या, याचा अर्थ अशी विश्रांती एकोणतीस वेळा. समुद्रात ती एकदाही नाही. म्हणून मी आता भिंतीच्या अलीकडेच वळते आणि तळाला पाय न टेकवता पुढची फेरी सुरू करते. हा एवढासा बदल केल्यावर दम किती लवकर लागतो, हे पाहून मला पोहण्याच्या टप्प्याचे गांभीर्य नव्याने कळले. दुसरी गोष्ट दिशेची. तलावाच्या तळाशी काळी रेघ असते, समुद्रात ती नसते, त्यामुळे आठ-दहा हातांनंतर डोळे पाण्याच्या किंचित वर काढून समोरची खूण पाहायची आणि त्याच लयीत श्वास घेण्यासाठी मान बाजूला वळवायची, असा सराव चालू आहे. मान जास्त उचलली की कंबर व पाय खाली जातात आणि वेग मोडतो. ते अजून जमलेले नाही. डोळे मिटून काही हात मारून पाहिले तर मी डावीकडे सरकते, बहुधा मी फक्त उजवीकडूनच श्वास घेते म्हणून. लाटा उजवीकडून येत असतील तर डावीकडून श्वास घेता आला पाहिजे, हे पटते, पण डावीकडून वळताना नाकातोंडात पाणी जाते. इतक्या थोड्या महिन्यांत दोन्ही बाजूंचा आग्रह धरावा, की आहे तीच बाजू पक्की करावी?

गर्दीचाही प्रश्न आहे. एकाच वेळी अनेक जण पाण्यात शिरल्यावर हात-पाय लागतात, चष्मा निसटतो, आणि अशा वेळी छाती धडधडू लागली की श्वास वरवरचा होत जातो. आमच्या बॅचमधील दोघी मैत्रिणी एकाच लेनमध्ये माझ्या दोन्ही बाजूंनी पोहतात, इतका सराव होतो. नियमांविषयी मी वाचले आहे की कोणत्याही पद्धतीने पोहण्यास मुभा असते, आणि दम लागल्यास तरंगत्या खुणेला किंवा थांबलेल्या होडीला धरून विश्रांती घेता येते; अट इतकीच की त्या आधाराने पुढे सरकायचे नाही. मदत हवी असेल तर हात उंच करून हाक मारायची. याचा मला फार आधार वाटतो. माझा बेत असा आहे की गर्दीत न शिरता कडेला, मागच्या बाजूला उभे राहावे, पहिला शंभर मीटरचा भाग बेडूक पद्धतीने, डोके वर ठेवून काढावा, आणि श्वास स्थिरावल्यावर फ्रीस्टाइल सुरू करावी. ज्यांनी असे केले आहे, त्यांना मागून येणाऱ्यांचा त्रास झाला का?

आता सर्वांत महत्त्वाचे. समुद्राचा अनुभव स्पर्धेपूर्वी एकदा तरी घ्यावा असे मला वाटते. मालवणला चिवला किनाऱ्यावर डिसेंबरमध्ये समुद्री जलतरण स्पर्धा भरते, तिथे मार्गावर सुरक्षेची सोय असते आणि कमी अंतराचे गटही असतात, असे समजते. पोरबंदरलाही समुद्री जलतरणाच्या स्पर्धा होतात आणि बडोद्याहून तिथे जाणे सोपे आहे. प्रश्न असा की ज्या व्यक्तीने आजवर समुद्रात कमरेपलीकडे पाऊल टाकलेले नाही, तिने प्रथम अशा स्पर्धेतच उतरावे, की जाणकार प्रशिक्षकाच्या सोबतीने दोन-तीन दिवस किनाऱ्याला समांतर, कंबरेला रंगीत फुगा बांधून सराव करावा? मला दुसरा मार्ग अधिक शहाणपणाचा वाटतो. कोकणात अशी जबाबदार सोय कोणत्या किनाऱ्यावर आणि कोणत्या महिन्यांत मिळते, हे तिथल्या मंडळींनी सांगितल्यास फार उपकार होतील. खारट पाण्यात शरीर अधिक तरंगते हे ठाऊक आहे. पण लाटांमुळे होणारी मळमळ आणि तोंडात जाणारे खारट पाणी यांची सवय किती दिवसांत होते?

सायकल व धावणे यांविषयी मी तुलनेने निश्चिंत आहे. २० किलोमीटरसाठी नवी महागडी रोड सायकल घ्यावी असे मला वाटत नाही. टायरमधील हवा, ब्रेक आणि बसण्याची उंची नीट असली म्हणजे हायब्रीड पुरे. हेल्मेटचा पट्टा लावल्याशिवाय सायकलला हात लावायचा नाही आणि आखलेल्या रेषेपलीकडे गेल्याखेरीज तिच्यावर बसायचे नाही, हे नियम घरच्या अंगणात पाठ करून झाले आहेत. सायकलवरून उतरून लगेच धावताना पाय शिशाचे झाल्यासारखे होतात, म्हणून आठवड्यातून एकदा सायकलपाठोपाठ पंधरा मिनिटे धावते. एवढ्याने भागेल, की हा जोडसराव दोनदा हवा? नोकरी सांभाळून पोहणे तीन दिवस, सायकल दोन आणि धावणे दोन, त्यांत एक दिवस पूर्ण विश्रांतीचा, असे माझे वेळापत्रक आहे. एखादा सत्र कमी करायचा झाल्यास मी धावण्याचा करीन, पोहण्याचा नाही.

महिला स्पर्धकांना एक विनंती. तिन्ही टप्प्यांत एकच पोशाख घालायचा असल्याने, पोहताना जड न होणारा आणि सायकलच्या सीटवर न काचणारा पोशाख आपण कोणता वापरला, हे मोकळेपणाने लिहावे. माझ्या बॅचमधील आणखी दोघी याच उत्तराची वाट पाहत आहेत, आणि त्यांतील एकीला बाह्या असलेलाच पोशाख हवा आहे.

बँकेत वर्षअखेरीची रजा बरीच आधी मागावी लागते. त्यामुळे इतर प्रश्नांना सवडीने उत्तरे दिली तरी चालेल, पण समुद्रातील सरावासाठी कुठे जावे आणि स्पर्धेच्या किती आठवडे आधी जावे, हे कृपया प्रथम कळवावे.