मदत हवी आहे : जॉनी डेपच्या 'द किड्स' बँडविषयी

नमस्कार. अभिनेते होण्यापूर्वी संगीतात रमलेल्या कलावंतांवर मी दीर्घ लेख लिहीत आहे आणि त्यातील जॉनी डेपवरील भागासाठी मला जाणकारांची मदत हवी आहे.

बाराव्या वर्षी आईने घेऊन दिलेल्या गिटारीवर हा मुलगा फ्लोरिडातील मिरामार येथे तासन्‌तास सराव करीत असे. पुढे शाळा अर्ध्यावर सोडून तो 'द किड्स' या स्थानिक बँडमध्ये वाजवू लागला आणि त्या बँडने दक्षिण फ्लोरिडात इतके नाव कमावले की इगी पॉपसारख्या नामवंत रॉक गायकाच्या कार्यक्रमापूर्वी वाजवण्याची संधी त्यांना मिळाली. ध्वनिमुद्रणाचा करार मिळवण्याच्या आशेने ही मंडळी लॉस एंजेलिसला गेली, तिथे त्यांनी 'सिक्स गन मेथड' असे नवे नाव घेतले. पण पोटासाठी डेपला फोनवरून पेने विकावी लागली. अभिनेता निकोलस केजच्या सल्ल्यावरून तो अभिनयाकडे वळला आणि १९८४ मध्ये पडद्यावर आला. माझ्या मते त्याच्या पुढील भूमिकांतील लय या वर्षांतच घडली, म्हणून हा काळ दोन ओळींत उरकणे मला योग्य वाटत नाही.

त्या काळातील ध्वनिमुद्रणे, कार्यक्रमांची पत्रके किंवा फ्लोरिडातील वृत्तपत्रांची कात्रणे कोठे पाहायला मिळतील? मायामी परिसरात राहणाऱ्या मराठी वाचकांपैकी कोणी तेथील सार्वजनिक ग्रंथालयात जुनी वृत्तपत्रे चाळली असतील, तर ती पाहण्याची पद्धत कृपया सविस्तर कळवावी.