अप्पांचं कुलमुखत्यारपत्र पुढेही चालेल का?

नौपाड्याची लेक
आमचे अप्पा ७६ वर्षांचे. अल्झायमरची सुरुवात आहे, असं न्यूरोलॉजिस्टनी नुकतंच सांगितलं. गप्पा, वाचन सगळं व्यवस्थित चालतं. पण सोसायटीचा मेंटेनन्स एकाच आठवड्यात दोनदा भरला, आणि सही जुळत नाही म्हणून बँकेतून स्लिप परत आली. घरी येऊन वहीत पानभर सह्या गिरवत बसले. मला बघवेना.

पेन्शनच्या खात्यात आईचं नाव नाही. फ्लॅटही अप्पांच्या एकट्याच्या नावावर. दादा म्हणतो, कुलमुखत्यारपत्र करून घेऊ म्हणजे पुढची चिंता मिटली. खरंच मिटते का? आणि हा विषय अप्पांकडे काढायचा कसा?

निवृत्त बँकवाली, पाचपाखाडी
ताई, त्यावर विसंबू नका. करार कायदा, १८७२, कलम २०१ बघा: मुखत्यारपत्र देणाऱ्याची समज गेली की मुखत्यारी संपली. नंतरही चालू राहील असं मुखत्यारपत्र काही देशांत करता येतं, आपल्याकडे ती सोय नाही. म्हणजे खरी गरज पडेल तेव्हाच तो कागद निकामी. तोवर बाहेरच्या धावपळीला वापरा.

खात्यात आईचं नाव लगेच घाला आणि फॉर्मवर ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’वरच खूण करा, नाहीतर प्रत्येक वेळी दोघांच्या सह्या लागतील. एफडी तशी असली तरी मुदतीआधी मोडायला बँका सहसा दोघांची सही मागतात. म्हणून एकच मोठी पावती ठेवू नका, रक्कम विभागून कमी मुदतीच्या करा. काउंटरवर बसून अशा अडलेल्या बायका मी फार पाहिल्यात, म्हणून एवढं सांगते.

मृत्युपत्रही आत्ताच. निदान झालं म्हणून हक्क जात नाही; करताना आपण काय करतोय हे त्यांना कळत असलं पाहिजे. नोंदणी सक्तीची नसली तरी तुम्ही कराच, आणि त्याच दिवसाचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडा.

विषय थेट काढा. पैसा त्यांचा, घर त्यांचं. तुम्ही भावंडांनी आधी ठरवून मग त्यांच्यापुढे कागद ठेवू नका.

ऐरोलीकर
आम्ही दुसऱ्या टोकाला अडकलो होतो. काकांना झटका आला, शुद्ध गेली, उपचाराला पैसे त्यांच्याच खात्यात. १९८७च्या मानसिक आरोग्य कायद्यात मालमत्तेसाठी जिल्हा न्यायालयाची वाट होती. २०१७च्या कायद्याने ती ठेवली नाही. मग राज्यघटनेच्या कलम २२६खाली उच्च न्यायालयात पालक नेमून घ्यावा लागला. वैद्यकीय अहवाल, मालमत्तेची यादी, सगळ्या वारसांच्या संमत्या. काकू पार थकून गेल्या.

शेवटच्या आजारात व्हेंटिलेटर वगैरे हवं की नको, तेही अप्पांकडून लिहून घ्या. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली. २०२३ पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढं पुरतं.

नौपाड्याची लेक
दोघांचे मनापासून आभार. काल रात्री जेवणं झाल्यावर बोलले. अप्पा थोडा वेळ गप्प होते, मग म्हणाले, “फ्लॅट आधी हिच्या नावावर, नंतर तुम्हा दोघांना सारखा. व्हेंटिलेटर नको.” आईसमोर बोलले. मृत्युपत्राला शेजारचे साक्षीदार चालतील ना?

निवृत्त बँकवाली, पाचपाखाडी
चालतील. ज्यांना त्यातून काही मिळणार आहे ते नकोत. आणि वयाने लहान बघा, पुढे कोर्टात साक्षीला जावं लागलं तर.