सायकल दुरुस्तीचे सर रिटायर होतायत, तुमचे अनुभव लिहा

सर या महिन्यात रिटायर होतायत. त्यांच्या हाताखालून किती जण गेले याचा हिशोब कोणाकडेच नसेल. म्हणून म्हटलं सगळ्यांनी लिहूया, पण नुसतं "सर ग्रेट आहेत" असं नको, नेमकं काय शिकलात आणि त्यांनी ते कसं शिकवलं ते लिहा, सगळं प्रिंट काढून त्यांच्या हातात द्यायचंय.

सुरुवात मी करतो. सायकल स्टँडला लावली की लगेच पाना उचलायचा नाही हा सरांचा नियम. आधी पेडल फिरवायचं आणि ऐकायचं. पेडलच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा टक् वाजलं तर क्रँक (पेडल ज्याला लावतात तो दांडा), पेडल नाहीतर बॉटम ब्रॅकेट (क्रँक ज्यावर फिरतात ते मधलं बेअरिंग). मागच्या चाकाच्या फेऱ्याला वाजलं तर चाकात शोधा. आणि दोन-तीन फेऱ्यांनी एकदा येत असेल, तर चेनची एखादी कडी आखडलीय. दोष कुठे आहे ते तोंडी सांगितल्याशिवाय हत्यारांचं कपाट उघडायचं नाही. तेव्हा वेळकाढूपणा वाटायचा, आता मी दुसऱ्याच मशीनवर काम करतो पण पहिलं काम ऐकण्याचंच असतं.

* * *

माझ्यासाठी सर म्हणजे पंक्चर. पंक्चर काय कोणीही काढतं असं वाटायचं मला, पण सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं की टायरवर जिथे नाव छापलेलं असतं ते बरोब्बर वॉलच्या समोर येईल असा टायर बसवायचा, म्हणजे पुढे कधी ट्यूबला भोक सापडलं की वॉलपासून अंतर मोजून टायरमध्ये काच किंवा काटा कुठे रुतलाय ते लगेच कळतं, नाहीतर पॅच लावून ट्यूब आत घालता आणि तोच काटा परत टोचतो. मग भोकं वाचायला शिकवलं. शेजारी शेजारी दोन भोकं म्हणजे हवा कमी होती, खड्ड्यात ट्यूब रिमखाली चेमटली. ट्यूबच्या आतल्या अंगाला, रिमच्या बाजूला भोक म्हणजे रिमटेप (रिमच्या आत स्पोकची टोकं झाकणारी पट्टी) सरकलीय आणि स्पोकचं टोक लागतंय, अशा वेळी टायर कितीही तपासा काही सापडणार नाही. आणि सोल्युशन लावल्यावर थांबायचं! ओलं असताना पॅच चिकटवायचा नाही, हाताला चिकट लागेल पण बोटाला येणार नाही इतकं सुकू द्यायचं. त्या वेळात सर सगळ्यांना टायरच्या आतून हळूच बोट फिरवायला लावायचे.

* * *

मला थिअरी झेपत नव्हती. डाव्या पेडलचे आटे उलटे का, हे पुस्तकातून काही केल्या डोक्यात शिरेना. सरांनी फळ्याकडे पाठ केली, एक पेन्सिल माझ्या मुठीत सैल धरायला लावली आणि तिचं टोक गोल फिरवलं. टोक एका दिशेने गोल जात होतं आणि मुठीतली पेन्सिल स्वतःभोवती उलट दिशेने फिरत होती! पेडलच्या दांड्यालाही असाच उलटा पीळ बसत राहतो, साधे आटे असते तर डावं पेडल चालवता चालवता सुटून आलं असतं. मग म्हणाले, पाठ काही करू नकोस, पाना वर उभा धर आणि पुढच्या चाकाकडे ओढ, दोन्ही पेडलं आवळली जातात. मागे ओढलं की दोन्ही सुटतात.

राइट बंधूंचंही त्यांच्याकडूनच पहिल्यांदा ऐकलं, की ते सायकल दुरुस्त करणारे होते आणि 1903 च्या त्यांच्या विमानाचे पंखे चेन आणि स्प्रॉकेटवर फिरत होते. हे सांगताना सरांचा चेहरा बघण्यासारखा असायचा.

* * *

मी चाकाचा आउट, म्हणजे डगमग, काढायला शिकायचं म्हणूनच आले होते. चाक फिरवलं, रिम डावीकडे जाते तिथे खडूची खूण केली की त्या जागचे उजवीकडचे स्पोक थोडे आवळायचे आणि डावीकडचे तितकेच सैल करायचे, एवढं कोणीही सांगेल. सरांचं वेगळं होतं. पाव फेऱ्याच्या वर निपल (रिमजवळचं स्पोकचं छोटं नट) फिरवायचं नाही, दर वेळी चाक फिरवून परत बघायचं. निपल कुठल्या बाजूला फिरवायचं यात सगळेच गोंधळतात, कारण चाकाच्या आतून बघितलं की दिशा उलटी दिसते, म्हणून ते टायर काढून रिमच्या बाहेरून निपलचं डोकं बघायला लावायचे, तिथून साध्या स्क्रूसारखंच आवळायचं. मग स्पोक बोटाने छेडायचे. सैल स्पोकचा आवाज मंद येतो. मागच्या चाकाला फ्रीव्हीलच्या, म्हणजे चेन बसते त्या दातेरी चक्राच्या, बाजूचे स्पोक जास्त उभे असतात म्हणून जास्त ताणलेले असतात, त्यामुळे तुलना एकाच बाजूच्या स्पोकची करायची. आणि या सगळ्यात एकदाही त्यांनी माझ्या हातातला स्पोक पाना काढून घेतला नाही. मागे हात बांधून उभे राहायचे. बाकी ठिकाणी "आण इकडे, तुला नाही जमणार" हेच ऐकलं होतं मी, त्यामुळे ते मागे बांधलेले हात माझ्यासाठी फार मोठे आहेत.

* * *

मी शेजारच्या वर्कशॉपला शिकवतो, म्हणजे सरांचा सहकारी. विद्यार्थी घरी गेल्यावर त्यांना एकटं बसून लोहचुंबकाने फरशीवरचे बेअरिंगचे छर्रे गोळा करताना पाहिलंय. मागच्या हबला (चाकाच्या मधल्या भागाला) एका बाजूला पाव इंची 9 छर्रे, पुढच्या हबला 10 बारीक, हे मुलांकडून मोजून घ्यायचे. एक जरी खराब निघाला तरी सगळे बदला, नवा आणि झिजलेला एकत्र आला की सगळा भार नव्यावरच येतो. जुने वेगळ्या डबीत, चुकूनही मिसळायचे नाहीत. वर्गातल्या सामानाची एवढी काळजी घेणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

* * *

ब्रेक किंचाळणं बंद करायला ब्रेक शूच्या मागच्या टोकाखाली घडी घातलेला कागद ठेवून नट आवळायचा, म्हणजे शूचं पुढचं टोक रिमला आधी लागतं. सर, आजही कागद खिशात असतो माझ्या.

* * *

मी सायकलींचं काम करत नाही, व्हीलचेअर दुरुस्त करतो. स्पोकची चाकं तीच, बेअरिंग तेच. कोन (बेअरिंगचे छर्रे दाबून धरणारं नट) किती आवळायचा हे सरांनी हात धरून दाखवलं होतं, चाक अलगद फिरलं पाहिजे आणि रिम धरून हलवली तर खडखड नको, या दोन्हीच्या मधली ती जागा. ज्यांना दिवसभर हातानेच चाक ढकलायचंय त्यांना जड चाक म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. सरांना हे कधी सांगितलं नव्हतं, प्रिंटमध्ये नक्की घाला.

* * *

फ्रीव्हील मधोमध कापून आतले कुत्रे (दातांत अडकणारे खटके) आणि स्प्रिंग दिसतील असं सरांनी स्वतः बनवलेलं मॉडेल कोणाकडे आहे का? मागच्या बॅचने प्रदर्शनासाठी नेलं होतं. नव्या मॅडमना लागेल, वर्गात परत आणून द्या प्लीज.