सिगरेट सुटली, आता निवांत कसं व्हायचं?

पारवा

सिगरेट सोडून आज १९ दिवस झाले. आधी दिवसाला १२-१५ व्हायच्या. निकोटिनचा पॅच (त्वचेवर चिकटवायची पट्टी), गम काही घेतलेलं नाही. तलफ येते ती परतवता येते, तो प्रश्न नाही. अडचण वेगळीच आहे. काम संपलं, जेवण झालं, कुणाशी वाजलं, की पुढच्या पाच मिनिटांचं करायचं काय हेच कळत नाही. ‘छंद जोपासा’, ‘ध्यान करा’ वाचून झालं. ध्यानाला बसलं की दुसऱ्याच मिनिटाला चुळबुळ सुरू. पाच मिनिटांत उरकणारं, कामाच्या ठिकाणी चारचौघांत करता येणारं असं काही सांगाल का? ‘मन रमवा’ सोडून काहीही चालेल.

लांबणीवर

आधी हिशेब मांडू. गेलंय काय हे नीट कळलं नाही तर भलतंच भरत बसाल.

झुरका घेतला की १०-२० सेकंदांत निकोटिन मेंदूत पोचतं. नाडी वाढते, रक्तदाब वाढतो. म्हणजे वस्तू उत्तेजक आहे, शांत करणारी नाही. तरी शांत वाटायचं, कारण रक्तातलं निकोटिन साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं, चिडचिड चढायला लागते आणि पुढची सिगरेट ती उतरवते. खाज तिनेच आणायची आणि खाजवूनही तिनेच द्यायचं. हा भाग भरून काढायचाच नाहीये. तुटवड्याचा त्रास पहिल्या दोन-तीन दिवसांत सगळ्यात जास्त असतो आणि बहुतेकांचा दोन ते चार आठवड्यांत ओसरतो. तुम्ही त्याच्या उतारावर आहात.

उरतं ते निकोटिनबाहेरचं. जागेवरून उठणं, उघड्यावर जाणं, लांब उच्छ्वास, हाताला चाळा. आणि एक गोष्ट जी कुणी मोजत नाही: काही न करता उभं राहायची मुभा. ‘सिगरेट ओढून येतो’ म्हटलं की कुणी का ते विचारत नाही. ‘जरा नुसता उभा राहून येतो’ म्हणून बघा!

आता कागद घ्या. सोडण्याआधीच्या एखाद्या नेहमीच्या दिवसातल्या सिगरेटी वेळेनुसार लिहा आणि प्रत्येकीपुढे ती यातलं काय देत होती ते लिहा. सगळ्यांना मिळून एकच उपाय शोधला की तो फसतो.

जेवणानंतरची बहुतेकदा पूर्णविराम असते. तिथे आराम हवा नसतो, जेवण संपल्याची खूण हवी असते. ताटावरून उठून थेट दात घासा. तोंडाची चव बदलली की विषय मिटतो.

कामाच्या मधली म्हणजे उठणं आणि बाहेर जाणं. तेच करा, त्याच वेळी, पण सिगरेटवाले उभे राहतात तो कोपरा सोडून. फोन टेबलावर ठेवून जा. फोन बरोबर असला की डोळे पडद्यालाच चिकटलेले राहतात आणि परत आल्यावर तेवढेच दमलेले असता.

भांडणानंतरच्या सिगरेटची गंमत वेगळी. तेव्हा अंग पेटलेलं असतं, त्याला बसवून शांत करायला जाऊ नका. १० मिनिटं भरभर चाला: बोलता येतंय पण गाणं म्हणता येणार नाही, इतका वेग. जागा नसेल तर दोन-तीन मजले जिना चढा-उतरा. थोड्या वेळाच्या चालण्यानेही तलफ उतरते, हे बऱ्याच अभ्यासांत दिसलेलं आहे. तुमचं ध्यान फसतंय तेही इथेच. चुळबुळ हे तुटवड्याचंच लक्षण, तिच्यावर शांत बसणं लादलं की ती वाढते. आधी चाला, मग बसा.

मंद्र

बसल्यावर काय करायचं ते मी सांगते. ‘दीर्घ श्वास घ्या’ हा सल्ला अर्धवट आहे. श्वास आत घेताना नाडी किंचित वाढते, सोडताना किंचित उतरते. म्हणून लांबवायचा तो सोडण्याचा भाग.

पाठ टेकवून बसा. पहिल्यांदा आतला श्वास सोडून द्या. मग नाकाने ४ मोजेपर्यंत आत, ओठ फुंकर घातल्यासारखे मिटून ६ मोजेपर्यंत बाहेर. मध्ये रोखायचा नाही. एक मोज म्हणजे एक सेकंद. पहिले दोन-तीन दिवस सेकंदकाटा समोर ठेवा, कारण अस्वस्थ माणूस हमखास भराभर मोजतो. मिनिटाला ६ श्वास, पाच मिनिटांत ३०. ३० मोजायला घड्याळ किंवा ॲप लागत नाही: अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकवत जा, दर श्वासाला एक पेर. एका हाताची १२, दुसऱ्याची १२, पुन्हा पहिल्या हाताच्या दोन बोटांची ६. हात मांडीवर, टेबलाखाली असले तर शेजारच्यालाही कळत नाही. हाताच्या चाळ्याची सोयही यातच लागते.

गडबड होते ती अशी. फार मोठे श्वास घेतले की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि चक्कर येते, बोटं-ओठ मुंग्या आल्यासारखे होतात. लोक घाबरून सोडून देतात. श्वास लांब हवा, मोठा नको. छाती काठोकाठ भरायची नाही. मुंग्या आल्या की मोजणं थांबवून नेहमीसारखा श्वास घ्या, दोनेक मिनिटांत जातात. ४-६ ला जीव गुदमरल्यासारखा झाला तर ३-४ ने सुरुवात करा. खांदे वर उचलले जात असतील तर कोपर टेबलावर टेकवा. सिगरेट सोडल्यावर काही आठवडे खोकला वाढू शकतो, कारण श्वासनलिकेतले बारीक केस पुन्हा कामाला लागून कफ वर ढकलतात. फुंकरीने उबळ येत असेल तर उच्छ्वासही नाकानेच.

आणि हे तलफ नसतानाच शिका. दिवसातून दोनदा, ठरल्या वेळी. तलफ साधारण पाचेक मिनिटांची असते, त्यात नवं काही शिकायला सवड नसते.

पाऊणकप

चहा-कॉफी किती होते ते कुणी विचारलंच नाही.

सिगरेटच्या धुरातल्या घटकांमुळे कॅफीन मोडणारं यकृतातलं एन्झाइम जोरात चालतं. हे काम निकोटिनचं नाही, धुराचं. त्यामुळे पॅच लावणाऱ्यांनाही लागू. धूर बंद झाला की आठवडाभरात ते एन्झाइम मूळ गतीवर येतं आणि तेवढ्याच कपांत रक्तातलं कॅफीन पुष्कळ वाढतं, काहींचं जवळपास दुप्पट. मग छातीत धडधड, हात थरथरणं, कच्ची झोप. माणूस म्हणतो सिगरेट सोडल्यापासून चैन नाही, आणि वरून आणखी एक कप घेतो. कप निम्म्यावर आणा, दुपारनंतर बंद. एकदम शून्यावर नको, डोकं धरेल.

हेच एन्झाइम काही औषधंही मोडतं: थिओफायलिन (दम्यावरचं), क्लोझापिन, ओलान्झापिन (मानसिक आजारांवरची). यातलं काही चालू असेल तर सिगरेट सोडल्याचं डॉक्टरांच्या कानावर घालायलाच हवं, मात्रा बदलावी लागते. आपल्या मनाने कमी करू नका.

पारवा

दिवसाला ६ कप. हे डोक्यातच आलं नव्हतं. पेरांवर मोजणं आत्ताच करून पाहिलं, १८व्या पेरापर्यंत पोचलो.

अजून दोन गोष्टी. एक, संध्याकाळी घरी आल्यावर जबडा आणि खांदे आवळलेलेच असतात आणि रात्री झोप मोडते. दोन, १९ दिवसांनी आता गम सुरू करण्यात अर्थ आहे का?

मंद्र

जबडा-खांद्यांसाठी स्नायू आवळून सोडण्याची पद्धत. एडमंड जेकबसन या अमेरिकन डॉक्टरांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बसवलेली. स्नायू मुद्दाम आवळून एकदम सोडला की तो आधीपेक्षा सैल पडतो, आणि सैल म्हणजे काय ते अंगाला कळतं.

क्रम: मुठी, दंड, खांदे कानांकडे, कपाळ आणि डोळे, जबडा, पोट, मांड्या, पोटऱ्या, पावलं. प्रत्येक ठिकाणी ५ सेकंद आवळा, १५-२० सेकंद सोडा, दोनदा. जबड्याला दात करकचून आवळू नका; जीभ टाळूला दाबून धरा आणि सोडा. जोर पाऊणच लावा, पोटरीवर पूर्ण लावला की गोळा येतो. आवळताना श्वास चालू हवा, रक्तदाब असलेल्यांनी तर हे विशेष सांभाळायचं. दुखऱ्या जागेला हात लावू नका, पुढे जा. आणि सोडताना हळूहळू नाही, हातातली पिशवी टाकावी तसं. निम्मे लोक आवळायला मन लावतात आणि सोडायच्या २० सेकंदांत पुढचा स्नायू शोधत असतात. काम होतं ते त्या २० सेकंदांत.

सगळं मिळून ७-८ मिनिटं. दोन आठवडे रोज केलंत की मुठी, खांदे, जबडा एवढंच दोन मिनिटांत खुर्चीतही उरकतं. संध्याकाळी बसून करा, आडवं होऊन केलं की अवेळी डोळा लागतो आणि रात्रीचं खोबरं. रात्रीसाठी झोपेच्या तासभर आधी १० मिनिटं कोमट पाण्याने अंघोळ. त्यानंतर शरीर निवतं आणि झोप लवकर लागते.

चौकट

गमबद्दल. १९ दिवस निकोटिनशिवाय काढलेत तर शरीराचा अवघड टप्पा मागे पडलाय, निव्वळ निवांत वाटावं म्हणून सुरू करू नका. पण एखाद्या दिवशी सिगरेट हातात येण्याइतकी वेळ आलीच, तर सिगरेटपेक्षा गम केव्हाही बरा. डॉक्टरांना किंवा फार्मासिस्टला विचारून जवळ ठेवा.

आत्ता सोडायच्या बेतात असलेल्यांसाठी: गम २ आणि ४ मिलिग्रॅममध्ये मिळतो. उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगरेट लागत असेल तर ४ चा. तो च्युइंगगमसारखा चघळायचा नसतो. हळू चावा, तिखटसर चुरचुर जाणवली की थांबा आणि गाल-हिरडीच्या मध्ये सारून ठेवा. चव गेली की पुन्हा चावा, जागा बदला. असं अर्धा तास. सटासट चावला तर निकोटिन लाळेबरोबर पोटात जातं: उचकी, जळजळ, आणि उपयोग जवळजवळ नाही. आधीची १५ मिनिटं आणि गम तोंडात असेपर्यंत चहा, कॉफी, आंबट पेय नको, आंबट तोंडात निकोटिन शोषलं जात नाही.

लांबणीवर यांच्याशी एका बाबतीत पटत नाही. सिगरेटवाल्यांचा कोपरा कायमचा टाळायला सांगितलात तर गप्पाही जातात, आणि काहींना शांत त्या गप्पांनीच वाटायचं. महिनाभर टाळा. नंतर त्याच माणसांना दुसरीकडे, दुसऱ्या वेळी भेटा. फक्त दारूच्या बैठकीत नको. तिथे दोन तासांत निश्चय विरघळतो, आणि ‘एकच’ म्हणून मागितलेली सिगरेट बहुतेकदा तिथलीच असते. हुक्का, व्हेप (ई-सिगरेट) हे विरंगुळ्याचे प्रकार धरू नका. त्यांतून निकोटिन घेतलंत तर घड्याळ पुन्हा शून्यावर.

लांबणीवर

महिनाभर हे मान्य, माझं ‘सोडून’ जरा सरसकट झालं.

पारवा, एक इशारा. पहिले काही आठवडे कशातच फारशी मजा येत नाही, आवडती गोष्टसुद्धा अळणी लागते. तेवढ्यावरून ‘हे आपल्याला जमत नाही’ म्हणून चालणं किंवा श्वास बाद करू नका. प्रत्येकाला दोन आठवडे द्या. मात्र नुसती अस्वस्थता नसून सलग दोन आठवडे मन खाली गेलेलं असेल, उठावंसं वाटत नसेल, तर डॉक्टर गाठा. ज्यांना आधी नैराश्य येऊन गेलंय त्यांनी तर दोन आठवडेही थांबू नये.

शिलकीत

हात शिवशिवतात त्यावर: वस्तू निवडताना तीन गोष्टी बघा. पाकीट जिथे असायचं त्या खिशात मावली पाहिजे, बोटांना तिचा थोडा विरोध जाणवला पाहिजे, आणि पाच मिनिटांत ती आपोआप संपली पाहिजे. तिसरी अट लोक विसरतात. सिगरेट संपायची, थोटूक विझवायचं, आत यायचं. रबरी चेंडू दाबत बसलात तर कधी थांबायचं कळत नाही. फोनला तर शेवटच नाही.

कागदाची घडी चालते: १५ सेंटिमीटरचे चौकोनी कागद चार घडी करून खिशात, एक पक्षी होईपर्यंत पाच मिनिटं जातात. त्याहून चांगलं म्हणजे लाकडी पेन्सिल कटरने तासणं. पातं लाकडाशी जवळजवळ सपाट धरा, उजव्या हाताने ढकलू नका, पेन्सिल धरलेल्या डाव्या अंगठ्याने पात्याची पाठ पुढे रेटा. जोर लावला की शिसं मोडतं, म्हणून हात आपोआप हळू होतो. शेवटी टोक कागदावर फिरवून घासा. झालं, आत या.

पारवा

ऑफिसात कटर नेऊ देत नाहीत. शार्पनर चालेल?

शिलकीत

नाही, २० सेकंदांत संपतं. ऑफिसात कागद, घरी पेन्सिल.