जिन्यातील मोठ्या पतंगाबाबत

सौ. वानखेडे (बी-३०४): सर्वांना नमस्कार. आज पहाटेपासून दुसऱ्या मजल्यावरील जिन्याच्या दिव्याखाली वीतभर रुंदीचा पिवळा पतंग बसला असून त्याच्या चारही पंखांवर डोळ्यांसारखी वर्तुळे आहेत. तो विषारी असल्यास फवारणी करवून घ्यावी काय?

श्री. ठाकरे (सी-१०२): फोटो पाहिला. हा ॲटलास पतंग असावा.

श्री. मेश्राम (ए-४०१): ठाकरे साहेब, आकारामुळे तसे वाटणे स्वाभाविक आहे; परंतु ॲटलासच्या पंखांवरील पारदर्शक खिडक्या त्रिकोणी असतात आणि त्याच्या पुढच्या पंखाचे टोक सापाच्या फण्यासारखे वळलेले असते. या फोटोत मात्र प्रत्येक पंखावर एकेक गोल चकती आहे आणि तिच्या मधल्या काचेसारख्या भागातून चक्क आपल्या भिंतीचा रंग दिसतो. हा टसर रेशमाचा, म्हणजे आपल्या कोसा साडीचा पतंग आहे. शास्त्रीय नाव ॲन्थेरिया मायलिटा. पोट जाड आणि शृंगिका (डोक्यावरच्या मिशा) अरुंद असल्यामुळे ही मादी आहे. नर बहुधा तांबूस-तपकिरी असतो आणि मादीचा गंध दुरून टिपायचा असल्याने त्याच्या शृंगिका पिसांसारख्या रुंद असतात. नोकरीनिमित्त आरमोरीकडे असताना ढिवर बांधवांना येनाच्या झाडांवर या अळ्या पाळताना मी पाहिले आहे. पाखरांपासून त्यांची राखण करता करता माणूस थकून जातो. हिचा कोश अंड्याएवढा, टणक असतो आणि देठाने फांदीला लटकतो. आपल्या मागच्या कुंपणालगतच्या अर्जुनाची पानेही या अळ्या खातात, त्यामुळे ही पाहुणी तिथूनच आली असावी, असा माझा अंदाज आहे. पावसाच्या सुरुवातीस हे पतंग कोशाबाहेर पडतात. ती विषारी नाही, चावतही नाही. फवारणी मुळीच करू नये.

सौ. वानखेडे: आभारी आहे, काका. आमच्या चिरंजीवांनी तिच्यापुढे वाटीत साखरपाणी ठेवले आहे, ते राहू द्यावे काय?

श्री. मेश्राम: नको, ताई, मुंग्या तेवढ्या जमतील. या पतंगांना खाण्यापिण्याजोगे तोंडच नसते. अळी असताना साठवलेल्या शक्तीवर ते जेमतेम आठवडा-दहा दिवस जगतात आणि तेवढ्यात जोडीदार मिळून अंडी घालून व्हावी लागतात. रात्रभर दिव्याजवळ अडकून पडली, तर तिची एक रात्र वाया जाते.

सचिव: आज संध्याकाळी सातपासून त्या मजल्यावरील जिन्याचा दिवा बंद राहील. ज्येष्ठांनी कृपया लिफ्ट वापरावी. सफाईच्या मावशींना त्या कोपऱ्यात झाडू न लावण्यास सांगितले आहे.