स्क्रीनवर १४२, मीटरवर १६८: मधले २६ जातात कुठे?

चाकोरीबाहेर
इलेक्ट्रिक गाडी घेऊन आठ महिने झाले. पेट्रोलच्या गाडीचं टाकीगणिक अ‍ॅव्हरेज वहीत लिहायची सवय होती, ती वही अजून चालू आहे. रोज येऊन-जाऊन ३८ किमी, सगळं शहरातलं. गाडीची स्क्रीन महिन्याची सरासरी दाखवते किमीमागे १४२ वॉटअवर. चार्जिंगसाठी मी वेगळा मीटर लावलाय. त्यावरचे युनिट (एक युनिट म्हणजे हजार वॉटअवर) किमीने भागले की येतात १६८. मधल्या २६ वर डल्ला कोण मारतंय?

दुसरा प्रश्न घरगुती आहे. तीच गाडी, तोच रस्ता. बायकोला १३१ लागतात, मला १४८. मी रीजन (पाय काढला की मोटरच गाडी रोखते आणि वीज परत बॅटरीत भरते, ती सोय) कायम सगळ्यात वरच्या पायरीवर ठेवतो, ब्रेकला पाय लावत नाही. ती रीजन कमी करून गाडी घरंगळू देते. म्हणजे वीज परत मिळवतोय मी आणि वाचवतेय ती? हे कसं?

लटपट्या
वहिनींकडे किल्ली द्या, तुम्ही वही सांभाळा.

वायरमन
पहिल्याचं सांगतो. स्क्रीन फक्त बॅटरीतून बाहेर पडलेली वीज मोजते, मीटर भिंतीतून आत गेलेली. तुमचे साडेपंधरा टक्के मधे गळतात. भिंतीतल्या एसी विजेचं बॅटरीला लागणारं डीसी करताना गाडीतला चार्जर गरम होतो, तो एक भाग. दुसरा भाग लोकांच्या लक्षात येत नाही: चार्जिंग चालू असेपर्यंत गाडीचे कॉम्प्युटर जागे असतात, अधूनमधून कूलिंगचा पंपही फिरतो. समजा त्याला २०० वॉट लागले. साध्या १० अँपिअरच्या पिनवर येतात जेमतेम २.३ किलोवॉट, त्यातले हे जवळपास ९ टक्के झाले. तेच ७ किलोवॉटवर लावलं तर ३ टक्केसुद्धा नाही, कारण गाडी लवकर भरते आणि झोपी जाते. तुम्ही साध्या पिनवर रात्रभर लावत असणार, पैज लावतो.

आणि रोज १०० टक्के भरून निघत असाल तर सुरुवातीचे काही किमी रीजन जवळजवळ नसतंच. भरलेल्या बॅटरीत परतीची वीज ठेवायला जागा नसते.

उतारावरची
दुसऱ्याचं उत्तर: वहिनी बरोबर आहेत. हिशोब बघा. १६०० किलोची गाडी ताशी ६० ला पळतेय, तर तिच्या गतीत साधारण ६२ वॉटअवर ऊर्जा आहे. रीजनने थांबवलीत की ती मोटर, इन्व्हर्टर (मोटर आणि बॅटरीमधे विजेचं रूप बदलणारा), बॅटरी असा प्रवास करते आणि पुन्हा वेग घेताना त्याच वाटेने उलट येते. दोन्ही फेऱ्यांत टोल. ६५ टक्के हाती आली असं धरू, म्हणजे ४०. एका थांब्याला २२ गेले. दिवसात असे ३० थांबे झाले तर ६६०, ३८ किमीवर पसरले तर किमीमागे १७. तुम्हा दोघांतला फरक किती? १७! (इतकं चोख जुळणं हा निव्वळ योगायोग, कारण थांबावं तर त्यांनाही लागतंच. पण पैसे कुठे जातात ते कळलं.)

घरंगळणारी गाडी तीच ऊर्जा थेट पुढे जायला वापरते, टोल नाही. लाल सिग्नल लांबून दिसला की त्या पाय काढतात, तुम्ही जवळ जाईपर्यंत दाबून ठेवता. खरा फरक तिथे आहे, रीजनच्या पायरीत नाही. बऱ्याच गाड्यांत ब्रेक दाबला तरी आधी मोटरच गाडी रोखते, पॅड नंतर लागतात.

टायरवाला
गारवा देणाऱ्या एसीचं कुणी बोललंच नाही. एसी तासावर खातो, किमीवर नाही. तो १ किलोवॉट ओढत असेल तर ताशी ६० ला किमीमागे १७ वॉटअवर, आणि कोंडीत ताशी २० ला ५०! हायवेवर उलटा मामला, तिथे हवा खाते. ८० वरून १०० ला गेलात की हवेचा विरोध दीडपटीहून जास्त. पेट्रोलवाल्यांना हे पचत नाही, त्यांचं अ‍ॅव्हरेज शहरात पडायचं ना. टायरची हवा पण बघा, थंड टायरमध्ये.

चाकोरीबाहेर
तीन आठवड्यांनी येतोय, वही भरून. वायरमन, पैज जिंकलात, १० अँपिअरच होतं. आता ७ किलोवॉटवर आणि ८० टक्क्यांपर्यंतच भरतो. रीजनला हात लावला नाही, फक्त पाय लवकर काढतो. पहिले चार दिवस मागचे हॉर्न ऐकले, मग सवय झाली (मला, त्यांना नाही). माझी स्क्रीन १३७, मीटर १५१.

बायको १३०. उरलेले ७ कुठले म्हणून विचारलं, तर तिने एसीचा आकडा २२ वरून २५ केला आणि खिडकीबाहेर बघत बसली.